पाण्याखाली जाताना: ओझं कोणतं, आधार कोणता?

दिवाळी झाली, भातकापणी उरकली की बचत गटांच्या सहलींचं बोलणं सुरू होतं. पूर्वी अष्टविनायक, शिर्डी नाहीतर महाबळेश्वर ठरलेलं असायचं. आता पनवेल, उरण, बेलापूरकडच्या गटांच्या बैठकीत मालवण-तारकर्लीचंही नाव निघतं, आणि मालवण म्हटलं की स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, आलंच. मग कुणाचा तरी मुलगा मोबाइलवर जाहिरात दाखवतो: ‘प्रवासासाठी हलका स्कूबा सेट, पिशवीत मावेल असा.’ घ्यावा का? गटात पैसे काढून घेतला तर सगळ्यांना वापरता येईल का? आज याबद्दल बोलू.

आपल्या ठाणे खाडीच्या पाण्याला रोहित पक्षी येतात, खेकडे मिळतात, पण ते पाणी गाळाचं. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. म्हणून पाण्याखालचं बघायला नवी मुंबईतून खाली सिंधुदुर्गात जावं लागतं. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आहेत, प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. हा भाग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं. पाऊस संपून समुद्र शांत झाला आणि पाणी निवळलं की ते पुन्हा सुरू होतं.

आता सामान बघू. स्कूबाच्या सामानात सगळ्यात जड असते ती टाकी. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी सुमारे अकरा लिटरची, रिकामी असताना चौदा किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या रिकाम्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडी कमी. भरल्यावर ती सोळा-सतरा किलो होते. पुष्कळजणी तिला ऑक्सिजनची टाकी म्हणतात. तिच्यात असते आपली रोजचीच हवा, गाळून, कोरडी करून आणि खूप दाबून भरलेली. दाब किती? मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ नव्वद पट. म्हणून ती भरायला खास कॉम्प्रेसर लागतो.

टाकीला जोडलेला असतो रेग्युलेटर. टाकीतला प्रचंड दाब उतरवून तो आपल्या तोंडात श्वासापुरती हवा देतो. तिसरी वस्तू बीसीडी, म्हणजे हवा भरता-सोडता येणारं जाकीट. टाकी त्यालाच बांधतात, आणि त्यानेच माणूस पाण्यात वर-खाली होतो किंवा एका जागी तरंगतो. मग कमरेला शिशाची वजनं, अंगात वेटसूट, पायात फिन्स म्हणजे रबरी पर, आणि डोळ्यांवर मास्क. सगळं मिळून वजन पंचवीस किलोच्या पुढे जातं.

यातलं किती उचलून न्यायचं? जवळपास काहीच नाही. टाकी आणि शिसं जगात कुठेही डायव्हिंग केंद्रातच मिळतं, प्रवासात कुणी नेत नाही. बीसीडी आणि रेग्युलेटर घ्यायचे तर पन्नास हजारांच्या वर सहज जातात, आणि रेग्युलेटरची ठरावीक काळाने जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी लागते. वर्षातून एकदा सहलीला जाणाऱ्या बाईने त्यात पैसे घालू नयेत. एका वेळच्या डायव्हिंगच्या पैशांत हे सगळं सामान धरलेलंच असतं.

आता त्या जाहिरातीतल्या पिशवीत मावणाऱ्या सेटकडे येऊ. त्यात अर्ध्या लिटरची छोटी टाकी, तिला तोंडात धरायची नळी आणि हाताने भरायचा पंप असतो. हिशेब आपणच करू. अर्ध्या लिटरच्या टाकीत दोनशे पट दाबून हवा भरली तर ती शंभर लिटर होते. पाण्यावर शांत पोहताना माणसाला मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवा लागते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब दुप्पट होतो, म्हणून हवाही दुप्पट लागते, मिनिटाला तीस-चाळीस लिटर. म्हणजे ती टाकी जेमतेम तीन मिनिटं पुरेल. घाबरून धाप लागली तर तेवढीही नाही. आणि हवा संपली की माणूस काय करतो? उरलेला श्वास छातीत कोंडून धरतो आणि वर झेपावतो. खरा धोका तिथेच आहे.

तो कसा ते समजून घ्या. एसटीने आंबोली घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल. वर हवेचा दाब कमी होतो, म्हणून आतली हवा पसरते. पाण्यात हेच फार झपाट्याने होतं. दहा मीटर खाली टाकीतून घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. तोंड उघडं असेल, श्वास चालू असेल, तर जादा हवा निघून जाते. श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होते, जीवही जाऊ शकतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. ही छोटी टाकी कुणी न शिकवता घरपोच येते, आणि तिच्याबरोबर हा नियम येत नाही. वजनाला ती हलकी असेल, पण ती घेऊ नका. कुणी टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने टाकी भरून देतो म्हणाला तर त्यालाही नको म्हणा. त्या हवेत तेलाचा अंश असतो आणि त्या कॉम्प्रेसरला तेवढा दाबही जमत नाही.

कोळीवाड्यातल्या, खाडीकाठच्या बायकांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं. आपल्याला बुडी मारायची म्हणजे श्वास धरायची सवय. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका अशीच बुडी मारतात. साडीवर टी-शर्ट, डोळ्यांवर गॉगल, बोटांना कापडाच्या पट्ट्या, एवढंच त्यांचं सामान. कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सत्तरी ओलांडली तरी एका श्वासात खाली जाऊन शिंपले काढतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. त्यांचं सामान हलकं, कारण त्या हवा छातीतूनच घेऊन जातात, आणि वरून नेलेला श्वास वर येताना मूळ आकारालाच येतो. टाकीतली हवा खाली गेल्यावर आत घेतलेली असते. म्हणून बुडीतला नियम स्कूबाला लावायचा नाही.

मग आपलं स्वतःचं असं काय न्यायचं? जे अंगाला नेमकं बसावं लागतं ते. त्यात पहिला मास्क. गटाची मोठी पातेली सगळ्यांना चालतात, मास्क चालत नाही. ज्याच्या त्याच्या चेहऱ्याची ठेवण वेगळी. मास्क घेताना पट्टा डोक्यामागे न घेता तो नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हळूच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा, गळून पडला तर दुसरा बघा. काच टेम्पर्ड हवी, कडा मऊ सिलिकॉनच्या हव्यात. नाक मास्कच्या आत असायला हवं. खाली गेल्यावर मास्क चेहऱ्यावर दाबला जातो, तेव्हा नाकातून थोडी हवा सोडून तो सैल करता येतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, म्हणून तो स्कूबाला नको. पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केल मास्कही फक्त पाण्यावर तरंगताना वापरायचा असतो. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, चष्मा लावून मास्क बसत नाही.

नव्या मास्कच्या काचेवर आतून धुरकट थर असतो. साधी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा. बायकांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. केसांची बट मास्कच्या कडेखाली आली की पाणी शिरतं, म्हणून केस मागे घट्ट बांधा आणि अंबाडा मानेजवळ खाली घाला, म्हणजे पट्टा नीट बसतो. चमकी, लोंबते कानातले, मंगळसूत्र काढून खोलीवर ठेवा. आणि त्या दिवशी चेहऱ्याला तेल किंवा जाड क्रीम लावू नका, मास्क घसरतो.

दुसरी वस्तू कपडे. सुती साडी किंवा ओढणी पाण्यात जड होते आणि अडकते. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घट्ट लेगिंग घ्या. दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात, तासाभरात वाळतात. मालवणचं पाणी थंड नसतं, थोड्या वेळासाठी एवढं पुरतं. वेटसूट हवाच असेल तर केंद्राकडचा घ्या, कारण स्वतःचा ओला वेटसूट परतीच्या प्रवासात सगळी बॅग भिजवतो. तिसरी वस्तू रेग्युलेटरचा तोंडात धरायचा सिलिकॉनचा भाग. दुसऱ्याचं उष्टं नको वाटत असेल तर हा एक तुकडा स्वतःचा न्या आणि केंद्रातल्या माणसाकडून बसवून घ्या. चौथी वस्तू शिट्टी. हातमोजे मात्र घरी ठेवा. हातात मोजे असले की प्रवाळाला हात लावावासा वाटतो, आणि हात लावला की ते जिवंत प्रवाळ मरू शकतं.

हे सगळं दोन किलोच्या आत बसतं. पनवेलला कोकण रेल्वेची गाडी धरताना, कुडाळला उतरून मालवणची एसटी पकडताना, वाळूतून चालताना त्याचा त्रास होत नाही.

ज्यांच्या मुलींना हे काम म्हणूनच शिकायचंय त्यांचा हिशेब थोडा वेगळा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा दुसरीकडे शिकणाऱ्या मुलीने आधी मास्क घ्यावा, मग फिन्स, मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, आणि बीसीडी-रेग्युलेटर अगदी शेवटी. फिन्स आखूड, अनवाणी पायात थेट घालायचे घेतले तर वेगळे बूट लागत नाहीत आणि वजन जवळपास निम्म्यावर येतं. प्रवासी बीसीडी नेहमीच्यापेक्षा किलो-दीड किलोने हलकी असते. तिच्यात जाड गाद्या नसतात, त्यामुळे ती स्वतः कमी तरंगते आणि कमरेला शिसंही कमी लागतं. पण ती पाण्यावर किती वजन पेलते हे प्रशिक्षकाला विचारूनच घ्यावी. अंदमान, लक्षद्वीपला विमानाने जायचं तर देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक वेळा पंधरा किलो बॅग आणि सात किलो हातातलं सामान मिळतं. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चाकू-कात्री मोठ्या बॅगेत. आणि शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एकच डाइव्ह केली असेल तर किमान बारा तास आणि रोज अनेक केल्या असतील तर किमान अठरा तास थांबायचं. गाडीने उंच घाट चढायचा असेल तरी प्रशिक्षकाला आधी विचारायचं.

आता जे कधीच कमी करायचं नाही त्याबद्दल. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट बुडाली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. लक्षात घ्या, ते पाण्याखालून वर आलेले होते, किनाऱ्याकडे निघाले होते. म्हणून बोटीत चढताना लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे बांधलेले, डायव्हिंगपुरतं काढायचं, परतीला पुन्हा घालायचं. उकडतंय, फोटो चांगला येत नाही, ही कारणं चालणार नाहीत. बोटीत माणसं जास्त वाटली तर गटाने मिळून खाली उतरायचं. एकटीला हे जमत नाही, दहाजणींना जमतं.

पैसे देण्याआधी गटप्रमुखाने चार प्रश्न विचारावेत. पाण्याखाली प्रत्येकीबरोबर एक प्रशिक्षक असेल का? त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का? टाकीतली हवा दाखवणारा काटा आम्हाला दाखवाल का? बोटीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट आहेत का? उत्तर देताना कुणी चिडलं तर दुसरं केंद्र शोधा.

आणि तब्येत लपवू नका. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, न आवरलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. दिवस गेले असतील तर स्कूबा करायचंच नाही. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी किनाऱ्यावर बसा. पाळी असेल आणि बरं वाटत असेल तर उतरायला हरकत नाही, पाण्यात पॅडऐवजी कप वापरावा.

निघण्याआधी एक काम करा. जवळच्या तरणतलावावर बायकांच्या वेळेत तासभर जा. मास्क लावून तोंड पाण्यात घाला आणि फक्त तोंडाने सावकाश श्वास घ्या-सोडा. मग मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाशी दाबून धरा, मान किंचित वर करा आणि नाकाने फुंकर मारा, पाणी खालून निघून जातं. दोन-तीन वेळा जमलं की भीती बरीच कमी होते. ज्यांना तिथे जमलं नाही त्यांनी मालवणला बोटीतून पाणी बघावं, जबरदस्तीने उतरू नये.