लॅपटॉप कोण बंद करतं?

‘चालता चालता आपोआप बंद पडतो.’ लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबलात तर हे वाक्य कानावर पडतंच. काउंटरपलीकडून त्याला बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून बघतो.’ फॉरमॅट मारून लॅपटॉप घरी येतो, बिल झालेलं असतं, काही फायली कायमच्या गेलेल्या असतात आणि आठवडाभरात तो पुन्हा बंद पडतो. या दुखण्यात विंडोजचा हात क्वचितच असतो. वीज तोडली जाते ती विंडोजच्या खालच्या थरात, आणि तिथे विंडोजला कुणी विचारत नाही.

म्हणून आधी ‘बंद पडतो’ म्हणजे नेमकं काय होतं ते नीट बघायला हवं. निळा पडदा आणि त्यावर काही मजकूर दिसत असेल, तर गडबड बहुधा ड्रायव्हर, मेमरी किंवा डिस्कची. चक्र फिरून रीतसर शटडाउन होत असेल, तर तो कुठल्या तरी सॉफ्टवेअरचा निर्णय, बरेचदा अपडेटचा. पण एका क्षणात स्क्रीन काळी, पंखा गप्प, दिवे विझलेले, अर्धं लिहिलेलं वाक्य गेलं, असं झालं तर कोणी तरी मुख्य पुरवठाच तोडला आहे. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटासा, स्वस्तातला, वेगळा नियंत्रक असतो. त्याचं नाव एम्बेडेड कंट्रोलर. मशीन बंद असतानाही तो जागा असतो. पंखा किती वेगाने फिरवायचा, चार्जिंग कधी थांबवायचं, झाकण मिटलं का, बटण दाबलं का, हे सगळं त्याच्याकडे. विंडोज पार गोठलेलं असतानाही पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की लॅपटॉप विझतो, ते या खालच्या थराच्या जोरावर. (बटणाखाली चहाचा चिकटा जाऊन ते आतच अडकून राहिलं, तर मशीन सुरू होतं आणि काही सेकंदांत मालवतं. असल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलायचं ठरवण्याआधी बटणावरून बोट फिरवून बघावं.)

थोडक्यात, लॅपटॉप मरत नाही, त्याला वाचवण्यासाठी बंद केलं जातं. प्रश्न इतकाच की कोणत्या राखणदाराने, आणि कशाला घाबरून.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याचं उत्तर मिळेल असं वाटतं. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल खुणेची नोंद सापडते आणि लोक या ४१चा इलाज शोधत बसतात. ही नोंद अपघाताच्या वेळी लिहिलेलीच नसते. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या खेपेला आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि ते तसं टिपून ठेवतं. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’पुढे शून्य असेल, तर बहुधा विंडोजला काही टिपायलाही वेळ मिळाला नाही. आजाराचं नाव ४१ नव्हे.

सर्वांत जास्त वेळा घाबरवते ती उष्णता. लॅपटॉपमधल्या प्रोसेसरच्या सिलिकॉनला साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत मुभा असते. त्या सीमेजवळ आला की तो स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवतो, म्हणून बंद पडण्याच्या आधी मशीन मंदावतं. तेवढ्याने भागलं नाही, तर एम्बेडेड कंट्रोलर पुरवठा तोडतो. त्याच्याही पलीकडे इंटेलच्या प्रोसेसरांना ‘थर्मट्रिप’ नावाचा शेवटचा आधार असतो: सिलिकॉन साधारण १३० अंशांवर गेलं की प्रोसेसर सगळं काम जागीच थांबवतो आणि वीज तोडण्याचा इशारा देतो.

या राखणदारांची किंमत २००१ साली जगाने पाहिली. ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने त्या वर्षी डेस्कटॉप संगणकांवर ‘क्वेक ३’ हा गेम चालू ठेवून प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ उचलून घेतला आणि त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, गेम अडखळत राहिला, पण प्रोसेसर वाचला. प्रतिस्पर्धी एएमडीच्या अॅथलॉनमधून धूर निघाला. पुढच्या पिढ्यांत एएमडीनेही प्रोसेसरच्या आतच संरक्षण घातलं. आज आपला लॅपटॉप ऐन कामात विझतो तेव्हा आपण चडफडतो, पण त्याच्या जागी धूर निघू शकला असता.

उष्णता बाहेर जाते कशी? प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा, त्याला चिकटलेली चपटी तांब्याची नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट रांग आणि तिच्यावर वारा मारणारा पंखा. ती नळी भरीव नसते. आतली हवा काढून त्यात थोडंसं पाणी घालून ती सीलबंद केलेली असते. आत दाब कमी, त्यामुळे पाणी शंभरच्या कितीतरी आधीच उकळतं. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला जाऊन तिचं पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत ते परत येतं. ना पंप, ना हलता भाग. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी घडवली. अवकाशयानांत वापरलं जाणारं हे तंत्र आज मुलांच्या दप्तरात असतं.

आता विदर्भातला मे महिना घ्या. चिप १०० अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर मध्ये ७५ अंशांचा फरक. उष्णता वाहते ती या फरकाच्या प्रमाणात. खोलीच ४३ अंशांवर गेली की फरक उरतो ५७. म्हणजे तोच पंखा, तीच नळी, पण उष्णता फेकण्याची ताकद जवळपास एक चतुर्थांशाने कमी. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचंच तापमान दिलेलं असतं. चंद्रपूर-अकोल्यात उन्हाळ्याच्या दुपारी ती अट सुरुवातीलाच मोडलेली असते, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की पोटाखालच्या जाळ्या बुजतात आणि पंखा आतलीच गरम हवा घुसळत बसतो.

तरी उन्हाळ्यापेक्षा मोठा गुन्हेगार धूळ. पण ती लोक शोधतात तिथे नसते. मागचं झाकण उघडलं की पंख्याची पाती दिसतात, ती बऱ्यापैकी स्वच्छ असतात, आणि माणूस समाधानाने झाकण लावून टाकतो. खरी धूळ पंखा आणि पत्र्यांच्या रांगेमधल्या सांध्यात बसते. पंख्याचे दोन स्क्रू काढून तो उचलला की दिसते: गादीचा कापूस, केस, कपड्यांचे तंतू पत्र्यांवर दाबले जाऊन तयार झालेला करडा, सलग थर. चिमट्याने टोक धरलं तर अख्खा एका तुकड्यात निघतो. पंखा फिरतोय, आवाज येतोय, पण बाहेरच्या जाळीशी तळहात धरला तर वारा लागत नाही, असं असेल तर हा थर आत आहे असं बेलाशक समजावं. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा त्याच्या कुवतीबाहेर गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. बॅटरीची जोडणी आधी काढायची, हे वेगळं सांगायला नको.

ठोकळा आणि चिप यांच्यामधली थर्मल पेस्टही काही वर्षांत वाळते. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि मधल्या फटींत हवा अडकते. हवेची उष्णतावहन क्षमता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारांश आहे. पेस्ट त्या फटी भरते, एवढंच तिचं काम. म्हणून ती लोण्यासारखी थापण्यात अर्थ नसतो.

उष्णतेची खूण वेळापत्रकात सापडते: सुरू केल्यावर काही मिनिटं ठीक, व्हिडिओ कॉल किंवा गेम लावला की पंखा ओरडतो, मग काळोख, आणि लगेच सुरू केलं तर आणखी लवकर काळोख. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखं मोफत सॉफ्टवेअर तापमान आकड्यात दाखवतं. बंद पडायच्या क्षणी आकडा साठ-पासष्टच असेल, तर धुळीवर आळ घेऊ नये. मग दुसऱ्या राखणदाराकडे जायचं.

तो बसलेला असतो बॅटरीत. चार्जर काढलेला, कोपऱ्यात ३५ टक्के दिसतायत आणि लॅपटॉप विझला, ही त्याची सही. बॅटरी संपलेली नसते, तिचं व्होल्टेज क्षणभर बसतं. खेड्यात पिठाची गिरणी सुरू झाली की आसपासच्या घरांतले दिवे मंदावतात, तेच इथे सेलच्या आत घडतं. लिथियम-आयन सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा तीन सेल एकामागोमाग जोडलेले आहेत आणि मिळून १०.९ व्होल्ट देतायत. लॅपटॉपने अचानक ४ अॅम्पिअर ओढले. नव्या बॅटरीचा रोध ०.१५ ओहम धरला तर आत ०.६ व्होल्ट खर्च होतात, बाहेर १०.३ उरतात, काही बिघडत नाही. जुनीचा रोध ०.५५ ओहम असेल तर २.२ व्होल्ट आतच जिरतात आणि प्रत्येक सेलच्या वाट्याला ३ व्होल्टपेक्षा कमी येतात. सेल फार खाली उतरू न देण्याची जबाबदारी बॅटरीतल्या सर्किटवर असते. ते तोडून मोकळं होतं. टक्केवारी दाखवणारा हिशेबनीस मात्र आत-बाहेर गेलेला विद्युतभार मोजत असतो, या रोधाचा त्याचा अंदाज चुकला तर तो ३५वरच अडकतो.

हीच गोष्ट अॅपलला महागात पडली. २०१६च्या अखेरीस आयफोन ६एस अचानक बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने आयओएस १०.२.१ हे अपडेट दिलं आणि फोन बंद पडण्याचं प्रमाण घटलं. का घटलं ते डिसेंबरमध्ये उघड झालं. गीकबेंच ही वेगचाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी आकड्यांवरून दाखवलं की तेच मॉडेल अपडेटनंतर मंदावलं होतं. थकलेल्या बॅटरीवर एकदम ताण येऊ नये म्हणून अॅपलने प्रोसेसरला लगाम घातला होता. अभियांत्रिकी म्हणून हा उपाय चुकीचा नव्हता. गिऱ्हाइकाला न सांगणं चुकीचं होतं. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला आणि २०२०मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. कित्येकांचा फोन म्हातारा झालाच नव्हता, बॅटरी झाली होती.

आपल्या बॅटरीचं वय विंडोज सांगतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात कारखान्यातली मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर मावणारी क्षमता शेजारी शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी बदलायचा विचार करावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘कंपॅटिबल’ बॅटरी स्वस्तात मिळते, पण या एका भागात मी तरी घासाघीस करणार नाही.

चार्जर लावलेला असताना बंद पडत असेल तर उलटं बघायचं. पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकतो का? अॅडॉप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून घरातला दाब थोडा वरखाली झाल्याने त्याला फरक पडत नाही. सैल जॅकने पडतो.

वीज तुटत नाही, पण तसं वाटायला लावणारा एक गमतीदार प्रकारही सांगायला हवा. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं ते बहुधा चुंबकामुळे. झाकणात छोटं चुंबक आणि खालच्या भागात हॉल सेन्सर. चुंबकक्षेत्रातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाला आडवं व्होल्टेज निर्माण होतं, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवलं होतं. आता मनगटावर चुंबकी बकलचा पट्टा बांधून टाइप करा, किंवा चुंबकी कव्हरचा मोबाइल कीबोर्डच्या कडेला ठेवा. झाकण मिटलंय असं समजून लॅपटॉप झोपी जातो.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर मदरबोर्ड. प्रोसेसर साधारण एका व्होल्टवर चालतो, म्हणजे ४० वॉट खाताना त्याला ४० अॅम्पिअर लागतात. गिझरचा १६ अॅम्पिअरचा प्लग यापुढे लेचापेचा. हा पुरवठा करणाऱ्या भागांत एखादा कपॅसिटर गळू लागला किंवा टाका तडकला, की संरक्षण सर्किट वाट्टेल तेव्हा तोडतं. ही ‘चिप लेव्हल’ची कामं, घरी होणारी नव्हेत. पण दुकानात जाण्याआधी एक चाचणी करावी: लॅपटॉप सुरू करून बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर अर्धा तास नुसता सोडून द्यावा. तिथे विंडोज चालूच झालेलं नसतं. तिथेही विझला, तर ‘फॉरमॅट मारून बघतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणता येतं. दुकानात देण्याआधी फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

या सगळ्या तपासण्यांना एक अपवाद. टचपॅड वर उचललेला दिसला, किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. आतलं विद्युतद्राव्य विघटित होऊन वायू साठलेला असतो. तेव्हा चार्जर काढायचा, मशीन बंद करायचं, आणि टचपॅड दाबून बसवण्याचा किंवा बॅटरीला टाचणी लावण्याचा मोह टाळायचा. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून फुगलेली बॅटरी कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा केंद्रावर नेऊन द्यावी.