कंट्री संगीत आणि पारंपरिक रसिकांची नाराजी : प्रश्न शुद्धतेचा की स्थानाचा?

प्रस्तावना

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर ‘कंट्री’ या संगीतप्रकाराचे माहेरघर मानले जाते. ध्वनिमुद्रिका कंपन्या, गीतप्रकाशक, ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली कंट्री म्युझिक असोसिएशन ही संस्था या सर्वांचा संसार याच शहरात आहे. ही संस्था १९६७ पासून दरवर्षी पुरस्कार देते. त्या सोहळ्याचे प्रक्षेपण दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिले जाते. सोहळा आटोपला की जुन्या रसिकांच्या एका वर्गाकडून ठरलेली तक्रार ऐकू येते. मंचावर प्रकाशझोतांचा झगमगाट होता, नर्तकांचा ताफा होता, पाहुणे म्हणून पॉप गायक होते. परंतु फिडल आणि स्टील गिटार कोठे होती? हे कंट्री म्हणायचे तर कशाच्या आधारावर?

या तक्रारीला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एका बाजूने ती म्हाताऱ्यांची कुरकुर ठरविली जाते. दुसऱ्या बाजूने एका शुद्ध परंपरेचा बाजाराने घात केला असे सांगितले जाते. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात या नाराजीचे स्वरूप, तिचा इतिहास आणि तिच्यामागील व्यावसायिक कारणे यांचा परामर्श घेतला असून, ती मुळात शुद्धतेची नसून जुन्या सुराला सार्वजनिक जीवनात मिळणाऱ्या स्थानाविषयीची आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पारंपरिक कंट्री संगीताचे स्वरूप

पारंपरिक कंट्री गीत म्हणजे प्रामुख्याने गायिलेली कथा होय. मोडलेला संसार, दारूचे व्यसन, तुरुंगवास, आईची आठवण, रेल्वे, देवळातील प्रार्थना आणि हातातून गेलेली शेती हे तिचे विषय. चाल साधी असते आणि गायक शब्द झाकोळू देत नाही. फिडल, म्हणजे लोकपद्धतीने वाजविले जाणारे व्हायोलिन, तसेच स्टील गिटार ही या गायनाची साथीदार वाद्ये. स्टील गिटारच्या तारांवरून धातूची कांडी सरकवून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते. आपल्याकडील मींडेशी परिचित असलेल्या श्रोत्याला त्या आवाजातील आर्तता सहज उमगेल. गायकाची ओळ संपते तेथे हे वाद्य तिला उत्तर देते.

पॉप संगीताची मांडणी याहून निराळी असते. तेथे तालाची ठाशीव चौकट, पुनःपुन्हा येणारे ध्रुवपद आणि यंत्राद्वारे घोटून घेतलेला आवाज यांना महत्त्व असते. अशा मांडणीत स्टील गिटार वगळली तर केवळ एक वाद्य कमी होत नाही. गायकाशी संवाद करणारा दुसरा आवाज नाहीसा होतो. जुना रसिक ‘हे कंट्री नव्हे’ असे म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा हीच उणीव सांगायची असते.

परंपरेचे मिश्र कूळ

असे असले तरी ही परंपरा कधीच निर्भेळ नव्हती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. बँजो या वाद्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. स्टील गिटार हवाई बेटांतून आली. कंठाला झटका देऊन स्वर पालटण्याची योडल पद्धत युरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरातील. फिडलच्या अनेक धुना ब्रिटिश बेटांतून आलेल्या स्थलांतरितांबरोबर आल्या. युरोपातून आलेली पेटी जशी आपल्या कीर्तनात व नाट्यसंगीतात घरची होऊन गेली, तसेच येथे घडले.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया व टेनेसी यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे तेथलीच. रॉजर्स यांच्या गायनावर कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा ठसा स्पष्ट होता. १९३० मध्ये त्यांच्या एका ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँग यांनी ट्रंपेटची साथ केली. ‘ग्रँड ओल ऑप्री’चा जन्मही व्यापारातूनच झाला. १९२५ मध्ये हा कार्यक्रम सुरू करणारे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते. तात्पर्य, सरमिसळ आणि बाजार या दोन्ही गोष्टी कंट्री संगीताच्या पाळण्यापासूनच त्याच्या सोबतीला आहेत.

तक्रारीची परंपरा

तक्रारही तितकीच जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलच्या लाटेपुढे कंट्री संगीताचा श्रोता घटू लागला. तेव्हा चेट अॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल व स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनवृंद आणि कोरस पुढे आणला. ही शैली ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणून प्रसिद्ध झाली. जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइन यांची आज अभिजात मानली जाणारी गाणी याच शैलीतील आहेत. त्या काळी मात्र अनेकांना ती पॉपपुढची शरणागती वाटली. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांनी विजेवर चालणाऱ्या गिटारच्या कणखर आवाजाने तिला उत्तर दिले. ओवेन्स यांनी १९६५ मध्ये आपण कंट्री नसलेले गीत गाणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा छापून आणली आणि त्याच वर्षी रॉक अँड रोलचे प्रणेते चक बेरी यांचे एक गीत प्रसिद्धही केले!

१९७४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा संतप्त कलावंत जॉर्ज जोन्स व टॅमी विनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. ती फार काळ टिकली नाही. पुढच्याच वर्षी पुरस्कार जाहीर करताना चार्ली रिच यांनी जॉन डेन्व्हर यांचे नाव असलेल्या कागदाला मंचावरच काडी लावली. त्यांचा हेतू काय होता याविषयी आजही मतभेद आहेत. विशेष म्हणजे स्वतः रिच यांचे यशही पॉपच्या वळणाच्या गाण्यांवरच उभे होते.

रे प्राइस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६७ मध्ये त्यांनी पूर्ण वाद्यवृंदासह ‘डॅनी बॉय’ हे गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. २०१३ मध्ये ब्लेक शेल्टन या लोकप्रिय गायकाने आजोबांच्या काळचे संगीत आता कोणाला नको आहे, अशा आशयाचे विधान केले, तेव्हा परंपरेच्या बाजूने सर्वांत जळजळीत उत्तर दिले ते याच प्राइस यांनी. शेल्टन यांनी नंतर क्षमा मागितली. एका पिढीने बंडखोर ठरविलेला गायक पुढील पिढीत परंपरेचा रक्षक होतो, हे या इतिहासातील वारंवार दिसणारे चित्र आहे.

मालकी, क्रमवारी आणि मंच

तक्रार जुनीच असेल, तर गेल्या तीन दशकांत ती इतकी तीव्र का झाली? याचे उत्तर सुरांत कमी आणि व्यवस्थेत अधिक सापडते. १९९६ च्या दूरसंचार कायद्यापूर्वी अमेरिकेत एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ केंद्रे बाळगता येत. या कायद्याने ही देशव्यापी मर्यादा उठविली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे १२०० हून अधिक केंद्रे एकवटली. पूर्वी गावोगावचा निवेदक आपल्या श्रोत्यांची आवड ओळखून गाणी लावू शकत असे. मालकी एकवटल्यानंतर मोजक्या गाण्यांच्या याद्या अनेक केंद्रांसाठी एकत्रितपणे ठरू लागल्या. जाहिरातदाराला हवा असतो तो तरुण ग्राहक. साहजिकच साठीतल्या श्रोत्याच्या आवडीची किंमत घसरली.

याच सुमारास नाराजीला मंचावर वाचा फुटली. १९९९ च्या पुरस्कार सोहळ्यात जॉर्ज जोन्स यांना ‘चॉइसेस’ हे गीत संक्षिप्त करून गाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि ते सोहळ्याला गेले नाहीत. त्याच रात्री अॅलन जॅक्सन यांनी स्वतःचे गाणे मध्येच थांबवून जोन्स यांचे गीत गायिले आणि ते मंचावरून निघून गेले. २००० मध्ये जॅक्सन व जॉर्ज स्ट्रेट यांनी एकत्र गायिलेल्या ‘मर्डर ऑन म्यूझिक रो’ या गीतात नॅशव्हिलच्या व्यावसायिकांवर थेट खुनाचा आरोप होता. खून झाला होता तो कंट्री संगीताचा. गंमत अशी की, ज्यांच्यावर आरोप होता त्याच व्यवसायाच्या संस्थेने २००१ मध्ये हे वर्षातील सर्वोत्तम गीत म्हणून गौरविले. गौरव झाला, रेडिओची यादी मात्र फारशी बदलली नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने कंट्री गीतांच्या मुख्य क्रमवारीची पद्धत बदलली. तोपर्यंत कंट्री रेडिओ केंद्रांवरील प्रक्षेपण हाच तिचा आधार होता. आता डिजिटल विक्री, इंटरनेटवरील श्रवण आणि अन्य प्रकारच्या केंद्रांवरील प्रक्षेपणही मोजले जाऊ लागले. परिणामी, पॉप केंद्रांवर वाजणारे गीत कंट्री क्रमवारीतही वर चढू लागले. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’ हे गीत, रॅप गायक नेली यांच्या सहभागाने नव्याने सादर झाल्यानंतर २०१३ मध्ये पुन्हा अग्रस्थानी पोहोचले आणि एकूण २४ आठवडे तेथे राहिले. कंट्रीचा श्रोता कोणते कंट्री गीत पसंत करतो, हे अशा क्रमवारीवरून कळणे कठीण झाले.

‘परंपरा’ या शब्दाचा दुरुपयोग

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. परंपरेचे नाव घेऊन माणसांनाही वगळले गेले आहे. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेतील गोऱ्या आणि काळ्या कलावंतांचे संगीत वेगवेगळ्या याद्यांत विभागले. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले होते. हार्मोनिकावादक डेफर्ड बेली हे ऑप्रीच्या आरंभकाळातील लोकप्रिय कृष्णवर्णीय कलावंत. १९४१ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. मानाच्या कंट्री दालनात त्यांचा समावेश झाला तो २००५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २३ वर्षांनी. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स यांचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत पुरेसे कंट्री नसल्याच्या कारणावरून कंट्री क्रमवारीतून वगळण्यात आले, तर बियॉन्से यांच्या ‘काउबॉय कार्टर’ या संग्रहाला २०२४ च्या कंट्री असोसिएशनच्या पुरस्कारांत एकही नामांकन मिळाले नाही. याच संग्रहातील ‘टेक्सस होल्ड एम’ या गीतात रिआनन गिडन्स यांचा बँजो ठळकपणे ऐकू येतो. पॉप गायिकेने जुने वाद्य अग्रभागी आणावे आणि कंट्रीच्या मान्यवर गाण्यांतून तेच दिसेनासे व्हावे, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. म्हणून तक्रारीचा रोख सुरावर आहे की गाणाऱ्याच्या वर्णावर, हे तपासून पाहिल्याखेरीज तिचे समर्थन करता येणार नाही.

जुन्या सुराचे पुनरागमन

जुना सूर लोकांना नको आहे, हा व्यवसायाचा दावाही वस्तुस्थितीस धरून नाही. १९८६ मध्ये रँडी ट्रॅव्हिस यांच्या ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ या संग्रहाला मोठे यश लाभले आणि साध्या, जुन्या वळणाच्या गायनाची लाट आली. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटातील पारंपरिक गीतांच्या संग्रहाला रेडिओने फारसा आधार दिला नाही; तरीही त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि २००२ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१५ च्या असोसिएशनच्या सोहळ्यात ख्रिस स्टेपलटन यांनी एका रात्रीत तीन पुरस्कार पटकावले आणि त्यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा संग्रह विक्रीत अग्रस्थानी गेला. त्या रात्री त्यांच्यासोबत मंचावर होते ते जस्टिन टिंबरलेक, म्हणजे एक पॉप गायकच! पाहुणा पॉपचा होता, परंतु गाण्याचा कणा जुना होता. म्हणूनच कदाचित ते सादरीकरण अनेक जुन्या रसिकांनाही भावले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पॉपचा प्रभाव हे कंट्री संगीतावरील नवे संकट नव्हे. तो त्याच्या जडणघडणीचाच भाग आहे. जुन्या रसिकांचे खरे दुःख वेगळे आहे. ज्या नावाने त्यांचे संगीत ओळखले जाते, त्या नावाची रेडिओ केंद्रे, क्रमवाऱ्या आणि पुरस्कार यांत त्या संगीतालाच जागा उरलेली नाही, असे त्यांना वाटते. नव्याला प्रवेश मिळाला याचा त्यांना जेवढा सल आहे, त्याहून अधिक सल जुने दाराबाहेर गेले याचा आहे.

२०२५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेने कंट्री संग्रहांसाठी ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन स्वतंत्र पुरस्कार देण्याचे ठरविले. यामुळे जुन्या सुराला हक्काची जागा मिळाली, ही समाधानाची बाब होय. तथापि, स्वतंत्र खोली दिली म्हणजे घरात स्थान दिले असे होत नाही. स्टील गिटारसारखे अवघड वाद्य वर्षानुवर्षांच्या रियाजाने साधते आणि काम मिळेल या आशेवरच तरुण त्याकडे वळतात. मुख्य मंचावरून ते सतत गैरहजर राहिले तर एका वाद्याचीच नव्हे, तर ते वाजविणाऱ्या हातांची परंपरा खंडित होण्याचा धोका आहे. जुन्या रसिकांच्या नाराजीतील अतिशयोक्ती आणि क्वचित आढळणारा संकुचितपणा बाजूला ठेवला, तरी हा इशारा शिल्लक उरतो आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे.