चार्जर आहे, पण चालू आहे का?

तरसाली बायपासवरून दक्षिणेकडे निघालं की जांबुवा, पोर, करजण, भरूच अशी गावं ओळीनं मागे पडतात. बडोद्याच्या या भागातली मराठी कुटुंबं लग्नकार्याला, सणासुदीला याच रस्त्यानं मुंबई-पुण्याकडे जातात. काही जण सुरतेहून व्यारा, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याला जातात. मुंबई इथून चारशे किलोमीटरच्या पुढे. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना वाटेत एकदा, कधी दोनदा चार्जिंगला थांबावंच लागतं. शहरात वर्षभर बिनतक्रार धावलेली गाडी मालकाला घाम फोडते ती या थांब्यावर, चार्जर बंद निघाला की.

खरं तर बडोद्याला इलेक्ट्रिक गाडी नवी नाही. जवळच्या हालोलच्या कारखान्यात २०२० मध्ये एमजीची झेडएस ईव्ही तयार होऊ लागली, पुढे तिथूनच कॉमेट आणि विंडसर आल्या. महामार्गांवर फास्ट चार्जर उभारणारी चार्जझोन ही कंपनीही बडोद्याचीच. चार्जर बंद सापडण्याचा प्रश्न कोणा एका कंपनीचा नाही, कोणा एका राज्याचाही नाही. म्हणूनच त्याबद्दल जे सर्रास बोललं जातं, ते तपासून घ्यायला हवं.

‘चार्जरच कमी आहेत, वाढले की प्रश्न मिटेल’

सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज हा. सरकारी धोरणाचा भरही याच समजुतीवर आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयानं तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जर उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले गेले. डिसेंबर २०२४ पर्यंत देशातल्या सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांचा आकडा २५,२०२ वर गेला होता. आकडा मोठा आहे आणि वाढतोही आहे. पण त्यावरून एवढंच कळतं, की इतक्या जागी यंत्र बसवलं गेलं. आज सकाळी त्यातली किती यंत्रं गाडी चार्ज करू शकली, हे त्यातून कळत नाही.

या दोन गोष्टींत किती अंतर असू शकतं, हे अमेरिकेत एकदा रीतसर मोजलं गेलं. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले डेव्हिड रेम्पेल आणि त्यांचे सहकारी सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातल्या १८१ सार्वजनिक फास्ट चार्जिंग स्टेशनांवर प्रत्यक्ष गेले आणि तिथल्या ६५७ गन, म्हणजे गाडीत लावायचे कनेक्टर, त्यांनी तपासल्या. कसोटी साधी होती : गाडी दोन मिनिटं चार्ज झाली, किंवा तिथे आधीच एखादी गाडी चार्ज होत असली, तर गन चालू धरायची. उत्तीर्ण झाल्या ७२.५ टक्के. जवळपास पाच टक्के ठिकाणी केबल गाडीच्या सॉकेटपर्यंत पोचेल इतकी लांबच नव्हती. उरलेल्या ठिकाणी बंद पडलेले पडदे, अडकलेलं पेमेंट, तुटलेलं नेटवर्क, मोडकी गन, असं काही ना काही. आठेक दिवसांनी काही यंत्रं पुन्हा तपासली, तर फरक जवळजवळ नव्हता. चार्जर चालवणाऱ्या कंपन्या मात्र आपली यंत्रं ९५ ते ९८ टक्के वेळ चालू असल्याचं सांगत होत्या.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि सगळी मेख इथेच आहे. कंपनीच्या लेखी चार्जर कंट्रोल रूमच्या संपर्कात असला, की तो ‘चालू’. गाडीवाल्याच्या लेखी बॅटरीत वीज भरली गेली तरच तो चालू.

आपल्याकडे यात जुन्या यंत्रांचीही भर आहे. सुरुवातीच्या सरकारी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ‘भारत डीसी-००१’ नावाचे १५ किलोवॅटचे चार्जर बसवले गेले. पुढे बाजारातल्या जवळपास सगळ्या खासगी मोटारी सीसीएस-२ या गनकडे वळल्या. जुन्या चार्जरची गन या गाड्यांना बसतच नाही. असं यंत्र अगदी सुस्थितीत असलं, तरी नकाशावरचा तो ठिपका आजच्या गाडीवाल्याच्या काही कामाचा नाही.

‘गन लावली की वीज यायला हवी, येत नाही म्हणजे गाडी बिघडली’

पेट्रोल पंपाच्या सवयीतून आलेला हा समज. पंपावर नळी टाकीत घातली की इंधन पडतं, टाकीला विचारायचं काही कारण नसतं. फास्ट चार्जिंगमध्ये गाडी आणि यंत्र यांचं आधी बोलणं व्हावं लागतं, आणि घोडं बहुतेकदा तिथेच अडतं.

सीसीएस-२ ची गन नीट पाहिली तर वरच्या गोल भागात बारीक पिना आणि खाली दोन जाड पिना दिसतात. वीज जाते त्या जाड पिनांतून. पण त्याआधी वरच्या एका बारीक पिनेवरून निरोपांची देवाणघेवाण होते. गाडी सांगते, मला इतका व्होल्टेज चालतो, इतका करंट घेता येईल; चार्जर सांगतो, माझ्याकडे इतकं आहे. मग गन कुलूपबंद होते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. त्यानंतर चार्जर केबलमध्ये व्होल्टेज सोडून कुठे गळती नाही ना, याची खात्री करतो. मग गाडीच्या बॅटरीशी व्होल्टेज जुळवतो, आणि मगच आतले मोठे स्विच जोडले जातात. पडद्यावर नुसतं ‘प्रिपेअरिंग’ दिसत असतं, तेव्हा आत हे सगळं चाललेलं असतं. यातली एक पायरी चुकली तरी व्यवहार तिथेच थांबतो. तसा तो थांबायलाच हवा, कारण प्रश्न शेकडो व्होल्टचा आहे.

पायरी चुकते ती मुख्यतः देखभालीअभावी. गन हुकाला न अडकवता जमिनीवर टाकली, की पिनांत माती जाते. पावसात ओल शिरते आणि गळतीची चाचणी नापास होते. अर्थिंग कच्चं असतं. नवं मॉडेल बाजारात येतं, पण चार्जरचं सॉफ्टवेअर जुनंच राहतं, म्हणून दोघांचं बोलणं जुळत नाही. कधी यंत्र ठणठणीत असतं, पण त्याच्या आतल्या सिमकार्डाला महामार्गाकडेच्या त्या हॉटेलाच्या आवारात रेंज मिळत नाही, आणि मग ॲपवरून हुकूम पोचत नाही. आणखी एक कारण ऐकून अनेकांना नवल वाटेल : कोणीतरी लाल रंगाचं इमर्जन्सी बटण दाबलेलं असतं आणि ते परत कोणी सोडवलेलं नसतं. फिरवून सोडवलं, की अनेकदा यंत्र पूर्ववत होतं. मात्र बटण कशामुळे दाबलं गेलं, हे आधी पाहावं. केबल उघडी पडलेली किंवा जळका वास येत असेल, तर हात लावू नये.

म्हणून एका चार्जरनं नकार दिला की गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची गरज नाही. दुसऱ्या जागी गाडी चार्ज झाली, तर दोष बहुधा पहिल्या यंत्राचाच.

‘पाटीवर ६० किलोवॅट आहे, म्हणजे तेवढा वेग मिळणार’

पाटीवरचा आकडा ही यंत्राची कमाल मर्यादा असते. किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते. ह्युंडाईची आयोनिक ५ अतिवेगवान चार्जरवर वीसेक मिनिटांत १० वरून ८० टक्क्यांवर जाते, कारण तिची रचनाच तशी आहे. झेडएस ईव्हीला त्याच कामाला तासाच्या आसपास लागतो. आणि हालोलमध्येच बनणाऱ्या कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नाही. ती शहरापुरती गाडी आहे, घेणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

दोन गनचा चार्जर असेल तर दुसरी गाडी लागताच वीज विभागली जाऊ शकते. ४५ युनिटांची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला साधारण ३१ युनिट लागतात. ५० किलोवॅटनं हे काम चाळीसेक मिनिटांत होतं, ३० किलोवॅट वाट्याला आले तर तासाच्या वर जातं. ८० टक्क्यांनंतर वेग उतरतो तो बॅटरीच्या संरक्षणासाठी. तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. मागे रांग असताना शंभर टक्के होईपर्यंत गन अडवून बसणं मात्र इतरांवर अन्याय आहे.

उन्हाचाही वाटा असतो. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. वर पत्राही नसलेल्या जागी उभा केलेला चार्जर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी करतो. तापलेली बॅटरीही करंट कमीच मागते. चार्जरवर छप्पर घालणं ही म्हणूनच हौस नव्हे, गरज आहे.

‘कंपन्यांना फिकीर नाही’

राग समजण्यासारखा आहे, पण दुखणं त्याहून खोल आहे. एका चार्जरमागे किती जण असतात पाहा. जागा हॉटेलवाल्याची, यंत्र एका कारखान्याचं, ॲप आणि वसुली चालक कंपनीची, वीज वितरण कंपनीची (बडोद्यात मध्य गुजरात वीज कंपनी), सिमकार्ड आणखी कोणाचं. यंत्र अडलं की हॉटेलचा पोऱ्या म्हणतो, ॲपवाल्यांना फोन करा. ॲपवाले म्हणतात, त्या भागात वीज नसेल. तक्रार फिरत राहते आणि गाडीतली म्हातारी माणसं नि लेकरं उन्हात बसून राहतात.

दुसरी बाजू धोरणाची. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. त्यासाठी वेगळा परवाना नको. निर्णय चांगला होता, त्यामुळे चार्जर झपाट्यानं पसरले. पुढे अनुदानंही आली. गुजरातच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या २५० स्टेशनांना भांडवली खर्चाच्या २५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, अशी तरतूद होती. पण हा पैसा उभारणीचा. यंत्र बसल्यानंतर ते झाडणं-पुसणं, पिना बदलणं, सॉफ्टवेअर सुधारणं यांचा खर्च दर महिन्याला येतो. ज्या चार्जरवर दिवसाकाठी मोजक्या गाड्या येतात, तिथे हा खर्च आधी कापला जातो. यंत्र अडू लागल्यामुळे लोक तिथे जाणं सोडतात, आणि मग कमाई आणखी घटते.

हे चक्र ग्राहकांनी सोसत राहावं, हा उपाय होऊ शकत नाही. ब्रिटननं २०२३ च्या नियमांनुसार फास्ट चार्जरच्या जाळ्याला वर्षभराच्या सरासरीनं ९९ टक्के भरवशाची अट घातली. नोव्हेंबर २०२४ पासून ती लागू आहे, सोबत चोवीस तासांची हेल्पलाइन आणि दंडाची तरतूदही. अमेरिकेनं केंद्रीय निधीतून उभारलेल्या चार्जरना ९७ टक्क्यांची अट लावली. युरोपीय संघात एप्रिल २०२४ नंतर बसणाऱ्या फास्ट चार्जरवर साध्या बँक कार्डानं पैसे भरता आलेच पाहिजेत. आपल्याकडेही अनुदानाचा मोठा वाटा यंत्र बसवण्याऐवजी त्यावर यशस्वी झालेल्या चार्जिंगशी जोडला, आणि ते आकडे स्टेशननिहाय जाहीर केले, तर चित्र लवकर बदलेल.

पैशांच्या बाबतीत तर आपल्याला अडचण असायलाच नको. चहाच्या टपरीवर यूपीआय चालतं, पण चार्जिंगला दर कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट आणि त्यात अडकलेली वेगळी शिल्लक. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘ईव्ही यात्रा’ ॲप काढलं. २०२५ मध्ये सर्व जाळ्यांसाठी एकच ॲप आणण्याचं काम भेलकडे देण्याची चर्चा पुढे आली. तोवर प्रवासापूर्वी दोन-तीन ॲपमध्ये थोडी शिल्लक ठेवण्याला पर्याय नाही.

‘मग ही गाडीच नको’

तरसालीहून मकरपुऱ्याच्या कारखान्यात किंवा अलकापुरीच्या ऑफिसात रोज ये-जा करणाऱ्याला सार्वजनिक चार्जरची गरज क्वचितच पडते. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, ३.३ किलोवॅटनं, ३० युनिटांची बॅटरी रात्रभरात भरते. घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. ज्यांच्या फ्लॅटला स्वतःचं पार्किंग नाही, किंवा सोसायटी सॉकेट बसवू देत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी ती परवानगी लेखी मिळवावी, मगच गाडी बुक करावी.

लांबच्या प्रवासात ॲपवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. त्या जागी शेवटची गाडी कधी यशस्वीपणे चार्ज झाली, हे काही ॲपमध्ये दिसतं. प्लगशेअर या ॲपवर लोक तशा नोंदी करतात. ठरवलेला चार्जर बंद निघाला, तर पुढच्यापर्यंत पोचेल इतकी बॅटरी राखूनच थांबा ठरवावा. आणि चार्जिंग फसलं, तर नुसतं चडफडत पुढे जाऊ नये. यंत्राचा क्रमांक, पडद्यावरचा एरर, कापलेली रक्कम यांचा फोटो काढावा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. या सेवेवर आपण १८ टक्के जीएसटी भरतो, ग्राहक संरक्षण कायदा तिला लागू आहे. कंपनीनं दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवाच.