तलवार गेली, चकती राहिली

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी पाकट उतरलेलं दिसलं तर त्याच्या पाठीवरून एकदा बोट फिरवून पाहा. काही जातींच्या पाठीवर मधोमध बारीक, टणक, मण्यांसारखे दाणे लागतात. आपल्याला त्या कातड्याचं काही कौतुक नाही. जपानमध्ये मात्र शेकडो वर्षं याच कुळातल्या माशांचं कातडं तलवारीच्या मुठीवर चढवत आले आहेत. वरून रेशमी फीत गुंडाळायची. खालचे दाणे खरखरीत, त्यामुळे फीत सरकत नाही आणि घामेजल्या हातातून मूठही निसटत नाही. हे कातडं त्यांना इतकं लागे, की सयामच्या बंदरांतून जहाजाने येई.

मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसते ती त्सुबा. तळहातावर मावणारी धातूची चकती. लांब तलवारीची साधारण सात ते साडेआठ सेंटिमीटर, आखूड तलवारीची त्याहून लहान, जाडी काही मिलिमीटर. मुख्य काम दोनच : हात घसरून पात्यावर जाऊ द्यायचा नाही आणि तलवारीचा तोल सांभाळायचा. एवढ्याशा जागेत जपानी कारागिरांनी बगळे, नाकतोडे, कोळ्याची जाळी, फुजी पर्वत, मुळे, कवट्या, पावसातली छत्री, काय काय म्हणून बसवलं आहे! आज या सुट्या चकत्या जमवणारे लोक जगभर आहेत. मला या छंदाचं वेड समजतं, कारण तलवार न घेताही तलवारीतला सगळ्यात बोलका तुकडा हातात येतो.

आपली मूठ पक्की, त्यांची सुटी

जपानी तलवारीचाच हा भाग सुटा कसा मिळतो? आपल्या तलवारींच्या परजा अशा का जमवल्या जात नाहीत? उत्तर जोडणीत आहे. आपल्याकडे पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेच्या मसाल्याने पक्कं बसवतात. एकदा बसलं की मूठ आणि पातं यांचा संसार एकत्रच. जपानी मूठ मात्र बांबूच्या एका बारीक खुंटीवर उभी असते. खुंटी बाहेर ढकलली की मूठ निघाली, पातळ तांब्याची वायसर निघाली, त्सुबा निघाली. साहजिकच एकाच पात्याला सणासुदीची एक त्सुबा, रोजची एक, अशी चैन करता येई. बाप गेला, मुलाने नवी बसवली, जुनी पेटीत ठेवली, असंही होई.

म्हणूनच जुनी त्सुबा हातात आली की जाणकार आधी नक्षी बघत नाहीत, मधलं भोक बघतात. पाचरीच्या आकाराचं हे भोक पात्याच्या शेपटासाठी. त्याच्या वर-खाली तांब्याचे इवलेसे तुकडे ठोकलेले असतील, कडेला छिन्नीच्या टोकाचे ठसे असतील, तर समजायचं की ही चकती एकाहून जास्त तलवारींवर राहून आली आहे. प्रत्येक वेळी भोक नव्या पात्याच्या मापाला आणलं आहे. शेजारी आणखी एक-दोन भोकं असतात. अर्धचंद्रासारखं भोक म्यानातल्या छोट्या चाकूसाठी. पाकळ्यांसारखं दुसरं भोक केस नीट करायच्या काडीसाठी. हो, योद्धा तलवारीच्या म्यानात केस सारखे करायची काडी बाळगत असे.

तांबं काळं करायचं, तेही मुळ्याच्या रसाने

सुरुवातीच्या बऱ्याच त्सुबा लोखंडाच्या. तलवार घडवणारा लोहार आणि चिलखत घडवणारा लोहार हेच त्या करत, अशी परंपरा सांगते. काही लोखंडी चकत्यांच्या काठावर बारीक गाठी उठलेल्या दिसतात. नवख्याला वाटतं काम ओबडधोबड आहे. जपानी रसिक त्या गाठींना ‘लोखंडाची हाडं’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

पुढे मऊ धातू आले आणि खरी किमया सुरू झाली. शाकुदो म्हणजे तांब्यात शंभराला साधारण तीन ते पाच भाग सोनं. नुसतं पाहिलं तर लालसर तांबंच. पण घासून-पुसून किसलेल्या मुळ्याचा रस चोळायचा आणि मग तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळायचं. तांबं हळूहळू निळसर काळं होतं, कावळ्याच्या ओल्या पंखासारखं. शिबुइची म्हणजे ‘चारातला एक’ : तांब्यात चांदी, रंग पावसाळी ढगाचा. आपल्या कोकणातल्या घरांत नेमकं उलट चालतं. तांब्या-ताम्हण चिंच किंवा आमसूल लावून लखलखीत घासायचं. तिथे धातूचा काळोख जपायचा. दोन्हीकडे आंबट-तिखट स्वयंपाकघरातलंच, काम मात्र अगदी विरुद्ध.

या काळ्या पाटीवर एक नक्षी असते, नानाको. पोकळ टोकाच्या छोट्या छिन्नीने एकेक ठोका मारून उठवलेले दाणे, ओळीला ओळ लागून, एकसारखे. नानाको म्हणजे माशाची अंडी. आपण म्हणू गाभोळी. भिंग लावून पाहा : बोटाच्या पेरावर शेकडो दाणे आणि एकही वाकडा नाही. हात चुकला तर दुरुस्ती नाही.

नान्बान म्हणजे आपला फिरंगी

आता कोकणकिनाऱ्यावर येऊ. पोर्तुगीजांनी 1508 च्या डिसेंबरअखेर रत्नागिरी जिल्ह्यातलं दाभोळ जाळलं. 1510 मध्ये गोवा घेतलं. 1543 मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि बंदूक तिथे गेली. आपण त्यांना फिरंगी म्हटलं. जपान्यांनी म्हटलं नान्बान, म्हणजे दक्षिणेकडचे रानटी लोक. मराठी तलवारबाजांनी युरोपातल्या पात्यालाही फिरंग किंवा फिरंगी नाव दिलं आणि त्यावर आपली मूठ चढवली. जपान्यांनी पातं स्वतःचंच ठेवलं, पण चकतीवर नवी नक्षी घेतली. त्या घाटाला आजही नान्बान त्सुबा म्हणतात. त्यांवर वेलींची गुंतागुंतीची जाळी, ड्रॅगन, सोन्याची बारीक तार. पुढे डच आले तेव्हा काही चकत्यांवर डच कंपनीची व्ही, ओ, सी ही अक्षरंही नक्षी म्हणून उमटली.

या गोष्टीत गोवा नुसतं वाटेवरचं गाव नव्हतं. फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. 1582 मध्ये नागासाकीहून चार जपानी मुलं युरोपला निघाली. परतीच्या वाटेवर 1587 मध्ये ती गोव्यात होती आणि त्यांतल्या एकाने तिथे लॅटिनमधून भाषण केलं. गोव्याच्या व्हाइसरॉयने 1588 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला पत्र लिहिलं. सोबत भेटी पाठवल्या : तलवारी, चिलखतं, घोडे, तंबू. 1591 मध्ये ते पत्र क्योतोत हिदेयोशीच्या हाती पडलं. ते पत्र आजही क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे आहे आणि जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. गोव्यात लिहिलेलं पत्र जपानची राष्ट्रीय संपत्ती ठरतं, हे सांगताना मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

जिभेवरही त्याच जहाजाची खूण आहे. आपल्या बेकरीतला पाव आणि जपानी दुकानातला ‘पान’ हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे भाऊ. आपल्याला चावी, पगार आणि हापूस मिळाला, त्यांना तंबाखू आणि ‘बोतान’ म्हणजे बटण.

योद्धा, सरदार आणि नाणी कोरणारा

काही नावं लक्षात ठेवण्यासारखी. मियामोतो मुसाशी, जपानचा सर्वांत गाजलेला तलवारबाज, स्वतः त्सुबा घडवत असे. समुद्रकाकडीच्या आकाराच्या दोन पोकळ्या असलेली साधीशी चकती त्याच्या नावावर सांगतात. होसोकावा तादाओकी हा सरदार चहाच्या सोहळ्याचा दर्दी. त्याच्या आश्रयाने हिगो प्रांतात चकत्या घडवणाऱ्यांचं एक घराणंच उभं राहिलं. त्यातल्या हायाशी माताशिचीचं लोखंड मखमलीसारखं दिसतं. तादाओकीची बायको ग्रासिया ख्रिस्ती झालेली होती. म्हणजे गोव्याचं वारं त्या घरातही होतं.

पुढे टोकुगावा घराण्याच्या सत्तेच्या काळात अडीचशे वर्षं मोठं युद्ध नाही. तलवार म्यानात राहिली, चकती मात्र दिवसेंदिवस नटत गेली. श्रीमंत व्यापाऱ्यांना लांब तलवारीची परवानगी नव्हती, आखूड तलवारीची होती. त्यांनी सगळी हौस तिच्या साजावर भागवली.

मग 28 मार्च 1876. सरकारी हुकूम निघाला : गणवेशधारी सोडून कोणी तलवार बाळगायची नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर एका दिवसात बिनकामाचे झाले. कानो नात्सुओ या निष्णात कोरीवकाराला आधीच टांकसाळीत बोलावलं होतं. जपानच्या नव्या नाण्यांचे नमुने त्याने कोरले. चकतीवर कमावलेला हात नाण्यावर चालला. बाकीच्यांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या आणि पेट्या केल्या. काहींनी कधीच तलवारीवर न बसणाऱ्या त्सुबाही केल्या. त्यांच्या मधल्या भोकात पात्याची एकही खूण नसते. बॉस्टनचा डॉक्टर विल्यम स्टर्जिस बिगेलो 1882 मध्ये जपानला गेला आणि सात वर्षं राहिला. आज बॉस्टनच्या कलासंग्रहालयात त्सुबांचा मोठा खजिना आहे, त्यात त्याचा वाटा मोठा. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराब टाटा यांनी जमवलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आहेत. या विषयाची गोडी लावून घ्यायला महाराष्ट्रात त्याहून चांगलं दार नाही.

भाषेत अडकलेली तलवार

जपानी माणूस तलवार बाळगत नाही, पण बोलतो तलवारीतच. अटीतटीच्या निवडणुकीला वर्तमानपत्रं ‘त्सुबाझेरिआई’ म्हणतात : दोघांच्या चकत्या एकमेकींना भिडलेल्या. माणूस पुरता कोंडीत सापडला की ‘सेप्पा त्सुमारु’. सेप्पा म्हणजे चकतीच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वायसर. ती ठासून बसली की तलवार हलत नाही. दोघांचं पटत नसेल तर ‘पात्याचा बाक म्यानाला जुळत नाही’. आपण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतो, ते तलवारीचा आणि म्यानाचाच सूर जुळत नाही म्हणतात.

आणि ज्या तलवारीला चकतीच नाही

रत्नागिरीतच थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा 1910 च्या सुमारास झाला, आणि 1916 मध्ये राजाने इथेच डोळे मिटले. त्याच्या देशाच्या तलवारीचं नाव धा. लांब गोल मूठ, हलका बाक, आणि बहुधा हाताच्या रक्षणाला काहीच नाही. जपानी चकती, मराठी परज आणि ब्रह्मी उघडी मूठ : हात वाचवायचा प्रश्न तिघांनी तीन तऱ्हांनी सोडवला.

घासू नका

जमवणाऱ्यांचा पहिला नियम : जुन्या लोखंडावरचा काळसर थर म्हणजे मळ नाही, ती त्याची कातडी आहे. वायरब्रश, सँडपेपर, ॲसिड हे शब्दसुद्धा काढायचे नाहीत. लाल गंज दिसला तर हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्याने सावकाश टिपतात आणि मऊ सुती कापडाने पुसतात. जाळीकामाच्या आतल्या कडा भिंगाने बघायच्या. कानशीचे ठसे असले तर काम हाताचं. कडा गोलसर, दाणेदार आणि सगळीकडे सारख्या असल्या तर साच्यातली नक्कल असण्याची शक्यता जास्त. जपानी लोक प्रत्येक त्सुबा हलक्या किरी लाकडाच्या पेटीत ठेवतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर पेटीबरोबर सिलिका जेलची पुडी हवीच.

हा नियम आपल्या घरालाही लागू आहे. रत्नागिरी, राजापूर, चिपळूणकडच्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात एखादी तलवार, कट्यार, नुसती मूठ पडलेली असते. दसऱ्याला ती खाली येते, आणि पूजेआधी कोणीतरी प्रेमाने लिंबू-राख लावून तिला चकचकीत करतं. तिच्यावर कधी सोन्याचं पाणी असतं, कधी कोफ्तकामाची म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली तार असते, कधी कारागिराची खूण असते. एका घासण्यात ते जातं आणि परत येत नाही. यंदा दसऱ्याला आधी मऊ कापडाने धूळ झटका, उन्हात धरून भिंगाने बघा, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय लिंबाला हात लावू नका.