लेबल प्रिंटर रुसला की गोदाम थांबतं! लिनक्स सर्व्हरवर ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर टाकताना नेमकं काय होतं?

पावसाळ्यातली दुपार. मानकोलीजवळच्या एका गोदामाबाहेर चार ट्रक लागलेत. आत माल तयार आहे, पण डॉकवरच्या प्रिंटरमधून बारकोडचं लेबल येत नाही. लेबल नाही म्हणजे स्कॅन नाही आणि स्कॅन नाही म्हणजे गेटपास नाही. सुपरवायझर फोनवर सांगतोय, 'शेठ, रात्री सर्व्हर अपडेट केला, तेव्हापासून बंद आहे.' ठाण्याचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, 'दादा, ड्रायव्हर गेला असेल, येतो मी.' कशेळीच्या पुलावरची गर्दी ज्यानं पाहिली आहे, त्याला या 'येतो मी'ला किती वेळ लागतो ते सांगायला नको.

प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, पण असा फोन ज्याला कधी आला नाही असा सर्व्हर सांभाळणारा माणूस मिळणं कठीण. मागांचं शहर म्हणून ओळखलं जाणारं भिवंडी गोदामांचं शहर झालं त्यात मुंबई-ठाण्याच्या जकातीचा मोठा वाटा होता. हद्दीबाहेर माल ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा हिशोब होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली आणि ई-कॉमर्सनं ती आणखी मोठी केली. माल कुठल्या रॅकवर आहे, कुठल्या गाडीत गेला, याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आता क्लाउडवर किंवा गोदामातल्याच एका लहानशा थंड खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. डॉकवर विंडोज किंवा अँड्रॉइड दिसतं. मागचा सर्व्हर मात्र बऱ्याचदा लिनक्सचा असतो.

हे 'एंटरप्राइझ' लिनक्स म्हणजे काय?

घरच्या लॅपटॉपवर हौसेनं टाकलेलं लिनक्स वेगळं आणि हे वेगळं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, म्हणजे रेल, ही यातली सगळ्यात परिचित जात. कंपनी अमेरिकेची असली तरी पुण्यात तिचे इंजिनीअर मोठ्या संख्येनं काम करतात. लिनक्सवर मराठी वाचताना अनेकांनी पाहिलेला 'लोहित' हा फॉन्टही रेड हॅटचाच. लोहित म्हणजे लाल, त्यामुळे नाव कुठून आलं हे वेगळं सांगायला नको.

रेलची खासियत म्हणजे ते मुद्दाम 'जुनं' ठेवलेलं असतं. रेल ९ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ५.१४ या आवृत्तीचा आहे आणि त्या पिढीच्या शेवटापर्यंत तो आकडा तोच राहणार. नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मात्र मागे नेऊन त्याच जुन्या कर्नलमध्ये बसवल्या जातात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. त्यामुळे आकडा जुना दिसतो म्हणून सर्व्हर असुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढू नये. ऑडिटला आलेली मंडळी हा घोळ नेहमी घालतात.

जुनं राहण्याचा फायदा २०२४ मध्ये दिसला. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. शोध घेतला तर एक्सझेड या जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेल्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ताज्या, प्रायोगिक आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचलाही होता. रेलमध्ये पोहोचला नव्हता, कारण तिथे इतकी नवी आवृत्ती गेलीच नव्हती.

सेंटॉस ७ : घरातला गेलेला माणूस

रेलला पैसे लागतात. ते वाचवायला छोट्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं सेंटॉस वापरलं. ती रेलचीच हुबेहूब, फुकट प्रत. ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटनं जाहीर केलं, की सेंटॉस ८ चा आधार २०२१ अखेरच संपेल. त्या धक्क्यातून २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले. सेंटॉस ७ ला मात्र ३० जून २०२४ पर्यंत मुदत होती आणि ती कधीच उलटून गेली आहे.

मुदत संपल्याचा प्रत्यक्ष अर्थ काय? सर्व्हर बंद पडत नाही, आणि खरी अडचण तीच. तो चालत राहतो, म्हणून कुणी हात लावत नाही. मग एक दिवस नवा प्रिंटर येतो, कुणीतरी 'यम इन्स्टॉल' करतं आणि 'बेसयूआरएल सापडत नाही' अशी चूक येते. कारण पॅकेजचा पत्ता सांगणारी यंत्रणाच बंद झाली आहे आणि जुनी पॅकेजं 'व्हॉल्ट' नावाच्या संग्रहात हलवली आहेत. पत्ता बदलून तिथून पॅकेज उतरवता येतं आणि बहुतेक जण तेच करतात. पण व्हॉल्टमध्ये नव्या दुरुस्त्या येत नाहीत. सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर भारताच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. 'फक्त लेबलं छापतो हो आम्ही' हे उत्तर तिथे चालणार नाही.

सॉफ्टवेअर टाकायचं तर

विंडोजवर आपण फाइल उतरवतो आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबतो. इथे सॉफ्टवेअर आरपीएम या बांधणीच्या पॅकेजमधून येतं आणि ती पॅकेजं रिपॉझिटरीत, म्हणजे अधिकृत कोठारात, ठेवलेली असतात. कोठारातून आणून बसवणाऱ्याचं नाव डीएनएफ. रेल ८ पासून त्यानं जुन्या यमची जागा घेतली. 'यम' लिहिलं तरी आता मागे डीएनएफच धावतो.

डीएनएफ दोन कामं करतो. एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजं तो स्वतः शोधून आणतो आणि प्रत्येकावरची डिजिटल सही तपासतो. गोदामाच्या भाषेत, माल आत घेण्याआधी चलन आणि सील दोन्ही बघतो. इंटरनेटवरच्या सल्ल्यात मात्र सही तपासणं बंद करा, अवलंबित्व दुर्लक्षित करा, जबरदस्तीनं बसवा, असं सर्रास लिहिलेलं असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये मीही हे केलं होतं. पॅकेज बसलं, पण पुढच्या अपडेटला डीएनएफनं हात वर केले आणि शेवटी मशीन पहिल्यापासून भरावं लागलं. लॅबमध्ये ते चाललं, डॉकवर चालणार नाही.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे उबुंटूसाठी लिहिलेले 'एप्ट'चे आदेश इथे चालवणं. उबुंटू, डेबियन आणि आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स ही डेब पॅकेजची घराणी आहेत. रेल, अल्मा आणि रॉकी आरपीएमची. एकाचं पॅकेज दुसऱ्याला चालत नाही. मूळ कोठारात नसलेली गोष्ट हवी असेल तर आधी एपेल बघावं. फेडोरा समुदाय चालवत असलेलं ते जोडकोठार आहे. तिथेही नसेल तर उत्पादकाचं स्वतःचं कोठार, आणि सुटी फाइल सगळ्यात शेवटी.

ड्रायव्हर : इथे खरी गंमत

विंडोजच्या सवयीनं आपण प्रत्येक वस्तूला ड्रायव्हर शोधत बसतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. बारकोड स्कॅनर घ्या. बहुतेक स्कॅनर स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून करून देतात. लावला की चालतो. वजनकाटा यूएसबी-सिरियल केबलनं जोडलेला असेल तर त्या केबलमधल्या नेहमीच्या चिपचे ड्रायव्हरही कर्नलमध्ये असतात. काटा 'दिसतो पण वाचता येत नाही' असं झालं तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी सॉफ्टवेअर ज्या युजरच्या नावानं चालतं तो 'डायलआउट' गटात आहे का ते बघावं. परवानगीचा प्रश्न असेल तर दोन मिनिटांत सुटतो.

मग आपला लेबल प्रिंटर? ज्याला आपण प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणतो तो लिनक्समध्ये कर्नलचा भाग नसतोच. कप्स नावाची सेवा छपाई सांभाळते आणि उत्पादक देतो ती फक्त भाषांतर करणारी फाइल. झेब्रा धाटणीच्या लेबल प्रिंटरसाठीचा साधा दुभाषी तर कप्ससोबतच येतो. नेटवर्कवरच्या अशा प्रिंटरला सॉफ्टवेअर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर थेट त्याच्या भाषेत मजकूर पाठवू शकतं, तिथे ड्रायव्हरचा संबंधच येत नाही.

म्हणून 'अपडेटनंतर प्रिंटर गेला' असा फोन आला तर पहिला संशय ड्रायव्हरवर घेऊ नये. रात्री वीज गेली-आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटरचा आयपी पत्ता बदलला, असं झालंय का ते बघा. प्रिंटर सापडला नाही म्हणून कप्सनं रांग थांबवून ठेवली असेल, तर पत्ता नीट करून ती पुन्हा चालू करावी लागते. दुसरा संशयित एसईलिनक्स हा आतला पहारेकरी. उत्पादकाच्या फाइल भलत्या जागी किंवा चुकीच्या खुणेसह ठेवल्या गेल्या तर तो त्यांना अडवतो. पहारेकऱ्यालाच झोपवायचा मोह होतो, पण ऑडिट लॉग वाचून फाइलची खूण दुरुस्त केली की काम होतं. काही उत्पादकांची प्रिंटर पॅकेजं अजून ३२-बिट आहेत. रेल १० मध्ये ३२-बिट पॅकेजं देणं बंद झालंय, त्यामुळे तिथे जाण्याआधी हे तपासलेलं बरं.

कर्नलमध्ये शिरणारे बाहेरचे ड्रायव्हर हा मात्र वेगळा विषय. ग्राफिक्स कार्ड, काही नेटवर्क कार्डं, जुनी रेड कार्डं यांना ते लागतात. रेलच्या एका पिढीत कर्नलच्या ठरावीक जोडण्या बदलणार नाहीत असं आश्वासन असतं. फक्त त्या वापरून लिहिलेला ड्रायव्हर कर्नल बदलला तरी चालतो. जो त्यापलीकडच्या जोडण्या वापरतो तो ९.४ वरून ९.५ वर जाताना कोसळू शकतो. उपाय दोन. एलरेपो या कोठारातून तयार 'केमॉड' घ्यायचा, किंवा डीकेएमएस वापरायचं, जे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा घडवतं. त्यासाठी त्याच कर्नलचं 'डेव्हल' पॅकेज मशीनवर असावं लागतं. ते नसेल तर रात्रीच्या अपडेटनंतर सकाळी नेटवर्क कार्डच गायब.

सिक्युअर बूट आणि भिवंडीची वारी

नव्या सर्व्हरवर सिक्युअर बूट चालू असू शकतं. म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' किंवा 'की वॉज रिजेक्टेड' अशी ओळ दिसली तर कारण हेच. मग आपली किल्ली मशीनला ओळख करून द्यावी लागते. आदेश देऊन पासवर्ड ठरवायचा आणि मशीन रीबूट करायचं. त्या वेळी एक निळा पडदा येतो, दहा सेकंदांत एखादं बटण दाबायचं, मग किल्ली मंजूर करून तोच पासवर्ड टाकायचा.

पण बटण दाबायला मशीनसमोर माणूस हवा! दुरून एसएसएचनं काम करणाऱ्याला तो निळा पडदा दिसतच नाही. दहा सेकंद जातात, मशीन नेहमीसारखं सुरू होतं, किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर पुन्हा नाकारला जातो. आयडीआरएसी किंवा आयएलओसारखा दूरस्थ कन्सोल असेल तर घरून जमतं. नसेल तर गोदामात किबोर्ड-मॉनिटर लावून एका पोराला फोनवर उभं करणं, हाच मार्ग. वैतागून सिक्युअर बूट कायमचं बंद करणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते एका ड्रायव्हरसाठी दरवाज्याचं कुलूपच काढणं महाग पडतं.

सेकंडहँड सर्व्हर घेताय?

छोट्या गोदामात जुना, दुरुस्त केलेला सर्व्हर घेण्याचा रिवाज आहे आणि त्यात वावगं काही नाही. मात्र रेल ८ नं अनेक जुन्या रेड आणि एसएएस कार्डांचा आधार काढून टाकला. परिणाम असा, की इन्स्टॉल सुरू होतं आणि हार्ड डिस्क दिसतच नाही! लोक डिस्क खराब म्हणून बदलतात. अशा कार्डांसाठी एलरेपो ड्रायव्हर डिस्क देतं, ती इन्स्टॉलच्या सुरुवातीलाच द्यावी लागते. अल्मालिनक्सनं ९.४ मध्ये अशा बऱ्याच कार्डांचा आधार स्वतःहून परत आणला. प्रोसेसरचीही अट आहे. रेल १० ला साधारण इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासूनची क्षमता लागते. अल्मा १० त्याहून जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती देतं. सौदा करण्याआधी कार्डाचं आणि प्रोसेसरचं नाव लिहून आणा.

अपडेटच्या रात्री

अपडेट शनिवारी रात्री, माल कमी असताना करा आणि आधी बॅकअप घ्या. डीएनएफ प्रत्येक व्यवहाराची वही ठेवतो. 'डीएनएफ हिस्टरी'नं काय बदललं ते दिसतं आणि बऱ्याचदा तो एक व्यवहार उलटवताही येतो. कर्नलच्या बाबतीत तर सोय आणखी चांगली आहे. नवा कर्नल जुन्याला पुसत नाही, नेहमीच्या मांडणीत शेवटचे तीन मशीनवर राहतात. नव्यावर ड्रायव्हर चालला नाही, तर सुरू होतानाच्या यादीतून आदला कर्नल निवडायचा. ट्रक सुटतात, दुरुस्ती नंतर सावकाश करता येते.

सेंटॉस ७ वर अडकलेल्यांसाठी अल्माचा 'एलिव्हेट' हा प्रकल्प जागच्या जागी पुढच्या पिढीत नेतो. पण उडी एका वेळी एकाच पिढीची, ७ वरून ८ आणि मग ९. बाहेरचे ड्रायव्हर असतील तर आधी काढावे लागतात, नाहीतर पूर्वतपासणीतच तो थांबतो. मशीनमध्ये फार जोडकाम झालेलं असेल तर नवं मशीन भरून डेटा हलवणं सोपं पडतं. कुठे थांबायचं ते ठरवताना या तारखा हाताशी ठेवा : ८ व्या पिढीचा आधार २०२९ मध्ये संपतो, ९ व्या पिढीचा २०३२ मध्ये.