कमावता, पण कर्ता नव्हे : गॅरी कोलमन आणि बालनटाच्या पैशाचा प्रश्न

७ ऑक्टोबर २००३ रोजी कॅलिफोर्नियात एक विलक्षण मतदान झाले. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर करायचे का, आणि करायचे असेल तर त्यांच्या जागी कोणाला आणायचे, हे मतदारांनी ठरवायचे होते. मतपत्रिकेवर १३५ नावे होती. आर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले. आठव्या क्रमांकावर १४,२४२ मते मिळवून गॅरी कोलमन नावाचा एक पस्तीस वर्षांचा उमेदवार होता. त्याची उमेदवारी 'ईस्ट बे एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने राज्यातल्या राजकारणाची थट्टा म्हणून पुढे केली होती. स्वतः कोलमनने आपण श्वार्झनेगरला मत देणार असल्याचे सांगून टाकले होते. तरीही चौदा हजारांवर माणसांनी त्याच्या नावापुढे खूण केली, कारण हे नाव त्यांना लहानपणापासून पाठ होते. पंचवीस वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचलेला मुलगा होता. त्या दिवशी मते पडली ती त्या मुलाला.

त्या मुलाच्या कमाईचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. मराठीत घरातल्या मिळवत्या माणसासाठी दोन शब्द आहेत : कमावता आणि कर्ता. बहुतेक घरांत दोन्ही एकच माणूस असतो, म्हणून त्यांतला फरक सहसा जाणवत नाही. जो पैसे आणतो तो कमावता. त्या पैशाचे काय करायचे हे ठरवतो तो कर्ता. बालनटाच्या घरात मात्र हे दोन शब्द एकमेकांपासून तुटतात. सगळ्या घराचा कमावता दहा वर्षांचा असतो, आणि कर्तेपण कायद्यानेच दुसऱ्याकडे असते. कोलमनच्या आयुष्यात या फुटीचे सगळे परिणाम एकाच जागी पाहायला मिळतात.

गॅरीचा जन्म ८ फेब्रुवारी १९६८ रोजी इलिनॉय राज्यातल्या झायन या गावी झाला. त्याला दत्तक घेणाऱ्या जोडप्यापैकी वडील फोर्कलिफ्ट चालवीत आणि आई परिचारिकेच्या पेशात होती. मुलाला मूत्रपिंडाचा जन्मजात विकार होता. पाचव्या वर्षी, १९७३ मध्ये, त्याच्यावर पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले; दुसरे १९८४ मध्ये. दोन्हींचा टिकाऊ उपयोग झाला नाही आणि डायलिसिस त्याच्या पाठी लागले ते लागलेच. हा आजार आणि त्यावरची औषधे यांमुळे त्याची उंची ४ फूट ८ इंचांवर थांबली. शिकागोतल्या जाहिरातींतून त्याचा चेहरा निर्मात्यांच्या नजरेत भरला, आणि १९७८ च्या नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीवर 'डिफरंट स्ट्रोक्स' ही विनोदी मालिका सुरू झाली.

मालिकेची कल्पना सोपी होती. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतले दोन भाऊ आईच्या मृत्यूनंतर एका श्रीमंत, गोऱ्या, विधुर उद्योगपतीच्या घरी राहायला येतात. आई त्याच्याकडे कामाला होती. धाकटा आर्नोल्ड म्हणजे गॅरी. थोरला विलिस म्हणजे टॉड ब्रिजेस. उद्योगपतीच्या मुलीचे काम डेना प्लेटो करी. थोरल्या भावाकडे डोळे बारीक करून पाहत 'हे काय बोलतोयस तू?' अशा अर्थाचे एक वाक्य गॅरी असे फेके, की ते देशभर म्हणीसारखे वापरले जाऊ लागले. मालिका आठ हंगाम चालली. शेवटचा हंगाम एबीसी वाहिनीवर गेला आणि १९८६ मध्ये ती संपली. भाग झाले १८९. मुहम्मद अली तीत पाहुणा म्हणून आला. १९८३ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन अमली पदार्थांविरुद्धच्या प्रचारासाठी एका भागात आल्या. कोलमनच्या विनोदाची वेळ साधण्याची जाण असामान्य होती, हे आज ते भाग पाहतानाही पटते. मोठ्या नटांनाही न साधणारा थांबा त्याला दहाव्या वर्षी साधत असे.

पण याच यशात एक क्रूर योगायोग दडलेला होता. बालनट वाढला की त्याचा धंदा संपतो, ही निर्मात्यांची नेहमीची अडचण. इथे आजाराने ती परस्पर दूर केली होती. मालिका सुरू झाली तेव्हा गॅरी दहा वर्षांचा होता आणि संपली तेव्हा अठराचा. पडद्यावरचा आर्नोल्ड मात्र लहानच दिसत राहिला. ज्या देहामुळे त्याला आयुष्यभर यंत्राला जोडून घ्यावे लागणार होते, तोच देह मालिकेचे भांडवल होता.

आता पैशाकडे. भरभराटीच्या काळात त्याला एका भागाचे सुमारे एक लाख डॉलर मिळत असे सांगितले जाते. असा पैसा सरळ मुलाच्या खात्यात जात नाही. आधी एजंटाची दलाली, ती साधारण दहा टक्के. मग व्यवस्थापकाचा वाटा, वकील, हिशेबनीस, कर. आईवडील स्वतःच व्यवस्थापन पाहत असतील, तर त्यांचेही मानधन त्यातूनच. मुलाच्या कामासाठी घर हलवावे लागते, एका पालकाला चित्रीकरणावर हजर राहावे लागते, आणि हळूहळू सगळ्यांचाच चरितार्थ त्या एका मुलावर येऊन पडतो. यासाठी कोणी दुष्ट असण्याची गरज नसते. 'सगळे मिळून तुझ्यासाठीच राबतोय' ही भावना खरी असू शकते, आणि तरी हिशेबाच्या शेवटी मुलाच्या हाती चतकोरच येऊ शकतो.

सज्ञान झाल्यावर कोलमनने हिशेब मागितला. १९८९ मध्ये त्याने आईवडील आणि माजी आर्थिक सल्लागार यांच्यावर दावा लावला. ३८ लाख डॉलरच्या विश्वस्त निधीचा गैरवापर झाला, अशी त्याची तक्रार होती. १९९३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊन १२ लाख ८० हजार डॉलर मंजूर केले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याने दिवाळखोरी जाहीर केली.

इथे वाचकाच्या मनात प्रश्न येईल : अमेरिकेत याविरुद्ध कायदा नव्हता का? होता, आणि तोही पन्नास वर्षांचा जुना. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड' या चित्रपटातला पोर म्हणजे जॅकी कूगन. बालपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर मिळवले असावेत. १९३५ मध्ये वडील मोटार अपघातात गेले. पुढे आई आणि सावत्र वडील पैसा देईनात, तेव्हा १९३८ मध्ये त्याने दावा केला. समोरच्यांची बाजू कायद्याने भक्कम होती. अज्ञान मुलाची कमाई पालकांची, हे इंग्लंडकडून आलेले जुने तत्त्व तेव्हा लागू होते. पालक मुलाला पोसतात, मूल त्यांच्या शेतात वा दुकानात हातभार लावते, त्या जगात ते तत्त्व अन्यायाचे वाटत नसे. पण तेच तत्त्व लाखो डॉलर मिळवणाऱ्या पोराला लावले की त्याच्या हाती काहीच उरत नाही. कूगनला अखेर सव्वा लाख डॉलरच्या आसपास मिळाले. लोकांत संताप उसळला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'कूगन कायदा' केला.

या कायद्याला एक मोठे भगदाड होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार ती मोडू शकते. म्हणून मोठ्या मुदतीचे करार पक्के करून घेण्यासाठी स्टुडिओ ते न्यायालयापुढे मंजुरीला नेत. कूगन कायदा नेमका या मंजुरीला जोडलेला होता. करार न्यायालयात आला, तर न्यायाधीश मुलाच्या निव्वळ कमाईतला काही भाग बाजूला ठेवायला सांगू शकत. सांगितलेच पाहिजे असे नव्हते. करार न्यायालयात गेलाच नाही, तर प्रश्नच मिटला. शिवाय 'निव्वळ' म्हणजे खर्च वजा जाता, आणि खर्च सांगणार कोण, तर पालक. कायदा मुलाच्या नावाने ओळखला जात होता. त्याच्या कमाईचा मालक मूल आहे, असे मात्र त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

ते म्हणायला आणखी साठ वर्षे लागली. १९५८ ते १९६६ या काळात 'द डॉना रीड शो' या मालिकेत काम केलेले पॉल पीटरसन यांनी १९९० मध्ये 'अ मायनर कन्सिडरेशन' ही संस्था काढली. एका माजी बालनटाने केलेली आत्महत्या हे त्यामागचे तातडीचे कारण होते. पीटरसन आणि त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने कायदा बदलला, आणि १ जानेवारी २००० पासून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता. आणि एकूण रकमेचे १५ टक्के निर्मात्याने, पालकांच्या हाती न देता, थेट विश्वस्त खात्यात भरायचे. त्या दिवशी कोलमन एकतीस वर्षांचा होता.

त्याच्या उत्तरायुष्याची गोष्ट बहुधा हसत हसत सांगितली गेली. नव्वदच्या दशकात तो सुरक्षारक्षकाची नोकरी करी. १९९८ मध्ये नोकरीसाठीच खरेदी करत असताना एका बाईने सही मागितली, बोलाचाली झाली, तिने त्याच्या कारकिर्दीची टर उडवली, आणि त्याने तिला ठोसा मारला. प्रकरण न्यायालयात गेले, दंड झाला. 'द सिम्पसन्स' या व्यंगमालिकेने त्याला त्याच्याच आवाजात पहारेकरी म्हणून दाखवले. २००३ मध्ये ब्रॉडवेवर गाजलेल्या 'अव्हेन्यू क्यू' या संगीतिकेत 'गॅरी कोलमन' हे एक पात्रच होते : एका जुनाट इमारतीची देखभाल करणारा माजी बालनट. म्हणजे त्याचे नावही आता इतरांच्या विनोदाचा ऐवज झाले होते. त्याला मिळणारी कामे बहुतेक स्वतःचीच भूमिका करण्याची असत. पहारेकऱ्याची नोकरी करणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण लोकांनी त्याच्या साध्या नोकरीला अधःपतन ठरवले, आणि ते त्याला रोज ऐकवले.

२००५ मध्ये तो युटा राज्यात राहायला गेला. घरात पडल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन २८ मे २०१० रोजी प्रोव्हो येथील रुग्णालयात तो वारला. वय ४२. डेना प्लेटो त्याआधीच, १९९९ मध्ये, औषधांच्या अतिसेवनाने चौतिसाव्या वर्षी गेली होती. टॉड ब्रिजेस व्यसन आणि खटले यांतून बाहेर पडला आणि २०१० मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यामुळे 'मालिकेला शाप होता' असे वृत्तपत्रे लिहीत आली. शाप म्हटले की कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. 'द अँडी ग्रिफिथ शो' या मालिकेतला बालनट रॉन हॉवर्ड पुढे दिग्दर्शक झाला आणि त्याला २००२ मध्ये ऑस्कर मिळाले. त्याचे वडील स्वतः नट होते. हा धंदा काय देतो आणि काय घेतो, हे त्यांना ठाऊक होते. बालनट होणे म्हणजे बरबादी असा काही नियम नाही. घरात कमावता आणि कर्ता यांच्यातले अंतर कसे सांभाळले जाते, यावर बरेच अवलंबून असते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मालिका, जाहिराती आणि गाण्या-नाचाच्या स्पर्धा यांत मुंबईत कितीतरी मुले काम करतात. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि बालकलाकारांना काही अटींवर मुभा मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही. कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट भरायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. कूगन आणि कोलमन यांच्या अनुभवातून निघालेले शहाणपणच या नियमात आहे : पैसा पालकांच्या हातून जाऊ न देता बाहेरच्या माणसाने भरावा.

पण आता तो बाहेरचा माणूसच नाहीसा होऊ लागला आहे. आईवडील घरात मोबाइलवर मुलाचे चित्रीकरण करतात, लाखो लोक ते पाहतात, पैसे पालकांच्या खात्यात येतात. इथे पालक, निर्माता आणि व्यवस्थापक एकच. कोलमनच्या जन्मराज्याने, इलिनॉयने, अशा मुलांचा वाटा राखून ठेवणारा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी केला; तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही तसे कायदे केले. तिथे वाटा बाजूला ठेवण्याची जबाबदारी पालकांवरच आहे. म्हणजे तो ठेवला गेला की नाही, हे कळेल ते मूल मोठे होऊन हिशेब मागेल तेव्हाच. कोलमनने तो एकविसाव्या वर्षी मागितला होता, आणि उत्तर मिळायला चार वर्षे लागली होती.