एम.टेक.ची जागा निवडायची की उरलेली घ्यायची?

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आहे, सुरत-भुसावळ रेल्वे आहे, एमआयडीसी आहे. या परिसरातील बौद्ध वस्त्यांतून आता विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर मुले-मुली बाहेर पडत आहेत. शिरपूर, धुळे, जळगावला ती शिकली. पण पुढे एम.टेक. कशात आणि कुठे करायचे, हा प्रश्न आला की आमचा समाज गप्प होतो. कुणी म्हणतो पुण्याला क्लास लाव, कुणी म्हणतो कंत्राटी का होईना, हातची नोकरी सोडू नको. शेवटी मूल निवड करीतच नाही. जे उरले ते घेते.

वस्तुतः वीज हा विषय आम्हाला परका नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना हे खाते बाबासाहेबांकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी, हा प्रश्न त्यांनी मांडला. स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीच्या फेऱ्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. १४ एप्रिलला तासतासभर बोलणारे आमचे वक्ते हे का सांगत नाहीत?

आज खानदेशातच पाहा. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प. कोळशाची वीज काही मर्यादेत ठरवून चढवता-उतरवता येते. ऊन-वाऱ्याची वीज ढग आला की पडते. ती ग्रीडमध्ये सांभाळून घेणे हे पॉवर सिस्टीम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांचे काम आहे. म्हणून सारेच कॉम्प्युटरकडे धावतात यासाठी या शाखेकडे पाठ फिरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चिप डिझाइनची खरी ओढ असेल त्याने ते जरूर घ्यावे. शेजारच्याने घेतले म्हणून घेऊ नये.

संस्था मात्र सरकारीच धरावी. आयआयटी मुंबई, नागपूरची व्हीएनआयटी यांचे दार गेट परीक्षेतून उघडते. अनुसूचित जातींना तिथे १५ टक्के जागा आहेत, गेटचे शुल्क निम्मे आहे, आयआयटीत शिकवणी शुल्क माफ आहे. गेटवर मिळणारे विद्यावेतन गेली अनेक वर्षे दरमहा १२,४०० रुपये आहे. ते पुरेसे नाही, पण बापाला सावकाराच्या दारी जावे लागत नाही. तिथे जातीयता नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला. अर्ज भरण्यापूर्वी तिथे शिकलेल्या आपल्या मुलांना विचारावे की अनुसूचित जाती-जमाती कक्ष काम करतो की त्याची नुसती पाटी आहे.

आता कागदांचे. वकिलीत आमच्याकडे येणारी निम्मी रडकथा इथलीच असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशातील यादीत जातींची नावे आहेत, 'नवबौद्ध' हा शब्द त्यात नाही. ज्याच्या दाखल्यावर तेवढेच लिहिले आहे, त्याची गाडी केंद्रीय संस्थेत अडते. यादीतील जात आणि बौद्ध धर्म दोन्ही नमूद असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. राज्यातील राखीव जागेसाठी २००० च्या कायद्याखालील जातवैधता प्रमाणपत्र लागते, ते निराळे.

आणि पैसे. २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबाद आयआयटीत बी.टेक.ची, तीही विद्युत अभियांत्रिकीचीच जागा मिळाली. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी अनुच्छेद १४२ वापरून ती परत दिली. त्याला दिल्लीपर्यंत जावे लागले. नरडाण्याच्या मुलासाठी तेवढी रक्कम विहाराच्या निधीतून एका फोनवर निघू शकते. गेट फेब्रुवारीत होते, अर्ज त्याच्या कित्येक महिने आधी भरले जातात. विहार समित्यांनी निधी आणि दाखले या दोन्हींचे काम वर्षावासातच हाती घ्यावे.